रिकाम्या घरांवरील कर

राहण्यायोग्य असूनही ठरावीक मुदतीहून अधिक काळ कोणीही न राहिलेल्या घराच्या मालकावर, त्याने ते घर वापरात आणावे, भाड्याने द्यावे किंवा विकून टाकावे या हेतूने बसवलेला कर. महसूल हा त्याचा दुय्यम हेतू असतो. किंबहुना कर परिणामकारक ठरला, तर त्याचे उत्पन्न वर्षागणिक घटत जाणे अपेक्षित असते. जेथे घरांच्या किमती भाड्यांपेक्षा वेगाने चढतात, तेथे भाडेकरू ठेवण्याची कटकट टाळून घराला कुलूप लावणे आणि भाववाढीची वाट पाहणे मालकाला परवडते, टंचाई मात्र शहराला सोसावी लागते. मात्र दोन भाडेकरूंमधला खंड, रखडलेली विक्री किंवा दुरुस्ती यांमुळे काही घरे कोणत्याही शहरात रिकामी असतातच. म्हणूनच दर किती यापेक्षा ‘रिकामे’ कशाला म्हणायचे आणि ते कोणी सिद्ध करायचे, यावर या कराचे भवितव्य अधिक अवलंबून असते.

फ्रान्समध्ये सामाजिक वंचनेविरुद्धच्या २९ जुलै १९९८ च्या कायद्याने हा कर आणला आणि १९९९ पासून तो दोन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या आठ नागरी क्षेत्रांत लागू झाला. त्याची आकारणी घराच्या बाजारभावावर नव्हे, तर सरकारी दप्तरात नोंदलेल्या अनुमानित भाडेमूल्यावर होते. तेथील घटना परिषदेने कायदा उचलून धरताना एक मर्यादा घातली : घर राहण्यायोग्य असले पाहिजे आणि ते केवळ मालकाच्या इच्छेमुळे रिकामे असले पाहिजे, वाजवी भाडे मागूनही भाडेकरू न मिळालेल्या मालकावर हा बोजा टाकता येत नाही. या अटीमुळे कर न्याय्य झाला, तसाच वादग्रस्तही, कारण इच्छा मोजण्याचे माप कोणत्याही कर खात्याजवळ नसते. शिवाय सामानसुमान असलेले दुसरे घर या करातून वगळलेले असल्याने पळवाटही राहिली. तरीही अर्थशास्त्रज्ञ मारिओना सेगू यांनी कर लागलेल्या आणि न लागलेल्या गावांची तुलना करून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९९७ ते २००१ या काळात करामुळे रिकाम्या घरांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटले आणि त्यांतील बहुतेक घरे कायम वस्तीची झाली, असा निष्कर्ष काढला. पुढे २०१३ मध्ये लोकसंख्येची अट ५० हजारांवर आणली गेली, तर २०२३ पासून दर पहिल्या वर्षी १७ टक्के आणि नंतर ३४ टक्के झाला.

कॅनडातील व्हँकूव्हर शहराने पुराव्याचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तेथे २०१६ मध्ये विजेच्या वापराच्या नोंदी तपासून केलेल्या पाहणीत सुमारे १०,८०० घरे रिकामी असल्याचा अंदाज निघाला. त्यांत बहुमजली इमारतींतील सदनिकाच अधिक होत्या. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या करानुसार प्रत्येक निवासी मालमत्तेच्या मालकाला घर कोणाच्या वापरात होते याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागते. निवेदन न दिल्यास घर रिकामेच मानले जाते आणि पडताळणीत पुरावा मालकालाच सादर करावा लागतो. मालकाचे मुख्य निवासस्थान नसलेले आणि वर्षात किमान सहा महिने भाड्यानेही न दिलेले घर करपात्र ठरते. मालकाचा मृत्यू, हस्तांतरण, परवाना घेऊन चाललेली दुरुस्ती अशा कारणांसाठी सूट आहे. आरंभी निर्धारित मूल्याच्या १ टक्का असलेला दर २०२१ साठी ३ टक्के करण्यात आला, म्हणजे दहा लाख डॉलर मूल्याच्या बंद घरामागे वर्षाला तीस हजार डॉलर. हे उत्पन्न परवडणाऱ्या घरांच्या योजनांकडे वळवले जाते.

जपानमधील अडचण निराळी आहे. तेथे घर उभे असलेल्या जमिनीवर करसवलत मिळत असल्याने, ओस पडलेल्या गावांतील वारसदार मोडकळीला आलेले घर पाडण्याऐवजी तसेच ठेवत. २०१५ मध्ये अमलात आलेल्या विशेष कायद्यानुसार धोकादायक ठरलेल्या घरांची ही सवलत काढून घेता येते.

भारतात रिकामेपणावर थेट बेतलेला राष्ट्रीय कर नाही. मात्र १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २३ नुसार, स्वतःच्या वापराची म्हणून निवडलेल्या घरांव्यतिरिक्त इतर घरे बंद असली तरी ती भाड्याने दिल्याचे मानून अनुमानित भाडे उत्पन्नात धरण्याची तरतूद झाली. निवडीची मर्यादा २०१९ च्या वित्त कायद्याने एका घरावरून दोन घरांवर नेली. हा कर घराच्या किमतीवर नसून मानीव उत्पन्नावर असल्याने त्याचा चटका मर्यादित राहतो. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने जनगणनेच्या आधारे शहरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरे रिकामी असल्याचे आणि सर्वाधिक, ४.८ लाख, मुंबईत असल्याचे नमूद केले. मालमत्ता हक्कांतील संदिग्धता, करारांची दुबळी अंमलबजावणी आणि भाड्यातून मिळणारा अल्प परतावा ही कारणे तिने पुढे केली. मुंबईत घर भाड्याने देण्याच्या भीतीला १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा इतिहास आहे. त्याने गोठवलेल्या भाड्यांमुळे भाडेकरू एकदा घरात शिरला की निघत नाही, ही समजूत घरमालकांत पक्की झाली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा परत मिळवण्याची सोय करून ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारांना बळ दिले, तरी सहकारी गृहनिर्माण संस्थांतील आकारणी आजही उलट दिशेने चालते : बिनभोगवटा शुल्क सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून घेतले जाते आणि त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा २००१ मध्ये शासनाला घालावी लागली, पण तीच सदनिका कुलूपबंद ठेवणाऱ्या सभासदाला ते लागत नाही.