उजेड आणि जासूद : राजगडापासून हातातल्या ई-मेलपर्यंत

राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभे राहिले की ईशान्येला सिंहगड दिसतो. हवाई अंतर पंधराएक किलोमीटर. हवा स्वच्छ असली तर रात्री सिंहगडावरचे दिवेही मोजता येतात. काही वर्षांपूर्वी मी तिथे पोचलो आणि दिवसभर मुका असलेला खिशातला फोन एकाएकी थरथरू लागला. सकाळपासून अडकून पडलेल्या ई-मेल एकामागून एक आत आल्या. संध्याकाळी गुंजवण्याच्या बाजूने खाली उतरलो आणि फोन पुन्हा गप्प झाला. गडावर रेंज आणि गावात नाही, हा विनोद वेल्ह्यात (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात) कुणालाही नवा नाही. मला मात्र त्या दिवशी सभासद आठवला.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीस बखर लिहिली. तीत फेब्रुवारी १६७० मधील सिंहगडाच्या लढाईचा वृत्तान्त आहे. गड सर झाल्यावर मावळ्यांनी गडावरच्या पागेला आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड हाती आल्याचे ओळखले, असे सभासद सांगतो. त्यापुढचा तपशील सहसा कुणी लक्षात घेत नाही. सविस्तर वर्तमान दुसऱ्या दिवशी जासूद घेऊन आला. तानाजी मालुसरे पडल्याचे कळले ते तेव्हा. म्हणजे फत्ते झाल्याची खबर प्रकाशाच्या वेगाने आली आणि तिची किंमत काय पडली, हे माणसाच्या पायांनी आले. मधली रात्र अर्ध्या बातमीची होती.

हातातल्या यंत्रावर ई-मेल कशी येते, हे समजून घ्यायला मला याहून चांगला दृष्टान्त सापडलेला नाही. तिथेही उजेड वेगळा आणि जासूद वेगळा असतो.

प्रथम जासुदाविषयी. मराठेशाहीत पत्रे नेणारे जासूद आणि काशीद पुष्कळदा जोडीने धाडले जात. एकाला वाघाने खाल्ले, नदीने ओढले किंवा शत्रूने धरले, तरी दुसरा पोचावा हा हेतू. तातडीच्या पत्राला मुदत ठरवून अजुरा, म्हणजे मेहनताना, बांधून दिलेला असे. गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिडखोरे, कानदखोरे हे आजच्या भोर-वेल्ह्याचे जुने भाग. इथल्या वाटा या माणसांच्या पायाखालच्या. पुढे भोरला पंत सचिवांचे संस्थान राहिले, इंग्रजी अमलात टपाल आले, तार आली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. तरी खोऱ्यातल्या शेवटच्या गावापर्यंतचा शेवटचा टप्पा पायांचाच राहिला.

बिनतारी युगाची सुरुवातही आपल्या जिल्ह्याला परकी नाही. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. म्हणजे लंडनचा संदेश हवेतून दौंडच्या माळावर उतरत होता. त्याच सुमारास, १९२८ मध्ये, भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण पुरे झाले. एकाच जिल्ह्यात एका टोकाला हवेतून सातासमुद्रापलीकडचे शब्द येत होते आणि दुसऱ्या टोकाला निरोप डोंगर चढून जात होता.

ही तफावत मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिली. माझ्या आजोळच्या गावातून, राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून, थोरला मामा मुंबईला गोदीत कामाला होता. १९८९ च्या पावसाळ्यात तो अचानक गेला. मुंबईहून तार निघाली ती त्याच दिवशी. तारघरातून वाडीपर्यंत ती पोचली तिसऱ्या दिवशी, कारण ओढे भरले होते आणि तार चालत येत होती. मजकूर इंग्रजीत चार शब्दांचा. वाचायला शाळामास्तरांना बोलावले. आजी निघाली तोवर मुंबईत सगळे आटोपले होते. लेकाचे तोंड पाहायला मिळाले नाही, हे ती मरेपर्यंत बोलत राहिली. दोष कुणाला द्यावा? तार वेगानेच आली होती. शेवटचे काही कोस मात्र तारेचे नव्हते.

त्यानंतर सहाच वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. पंधरवड्याने, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ई-मेल त्याआधीही होती, पण मोजक्या लोकांपुरती. मोबाइल आणि ई-मेल या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर होत्या. ई-मेल पाहायची तर संगणकापुढे बसायचे, मोडेमने फोन लावायचा आणि दूरच्या सर्व्हरला विचारायचे, ‘माझे काही आले आहे का?’ रोज डाकघरात जाऊन चौकशी करण्यासारखेच ते होते.

ही रीत उलटी केली ती कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या ‘रिसर्च इन मोशन’ या कंपनीने. १९९९ मध्ये तिने ब्लॅकबेरी हे तळहाताएवढे यंत्र आणले. भारतात ते २००४ मध्ये आले. यात माणसाने विचारायचे नव्हते. कचेरीच्या सर्व्हरवर पत्र आले की त्याची प्रत घेऊन ती दाबून लहान केली जाई, सांकेतिक लिपीत बंद केली जाई आणि कंपनीच्या मध्यवर्ती केंद्रामार्फत मोबाइल कंपनीच्या जाळ्यात सोडली जाई. पत्र मोठे असेल तर आधी सुरुवातीचा तुकडा आणि मागितला तर उरलेला. यंत्राच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकला की समजायचे, पत्र आले. पागेची आग ती हीच.

आजच्या फोनमध्ये हा दिवा आणि पत्र आणखी स्पष्टपणे वेगळे झाले आहेत. फोन दर थोड्या वेळाने जवळच्या मनोऱ्याला आपली हजेरी देतो. त्यामुळे तो कोणत्या टापूत आहे, हे जाळ्याच्या नोंदवहीत असते. शिवाय तो एका सूचना-सर्व्हरशी एक बारीक धागा सतत जोडून ठेवतो. पत्र आले की पत्राचा सर्व्हर सूचना-सर्व्हरला कळवतो. मग त्या टापूतले मनोरे फोनला नावाने हाक मारतात. फोन जागा होतो, पुष्कळदा एवढेच कळते की काहीतरी आले आहे. मग तो स्वतः जाऊन मजकूर आणतो. फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर पत्र सर्व्हरवर थांबून राहते. नदीला पूर आला म्हणून जासूद अलीकडच्या गावात मुक्काम करतो, तसेच.

आपण ज्याला बिनतारी म्हणतो त्यातला बिनतारी भाग किती, हेही पाहण्यासारखे आहे. मनोऱ्यापासून हातापर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतला. बाकीचा प्रवास बहुतांशी जमिनीखालच्या आणि समुद्रतळाच्या काचतंतूंमधून होतो. डोंगरी भागात मनोराही कधी दुसऱ्या मनोऱ्याशी तबकडीने जोडलेला असतो. त्या तबकड्यांना एकमेकींचे तोंड दिसावे लागते. मोबाइलच्या लहरीही बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात. कड्यामागे वळून त्या फारशा उतरत नाहीत. म्हणून १६७० साली राजगडाला जो फायदा होता तोच आज आहे. माथा दिसतो, खोरे झाकलेले राहते.

भाषेचाही एक डोंगर आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून तिथे १६० अक्षरे होतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून आपल्याला ७० च. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘प्रकृती’ हा तीन अक्षरी शब्द सात जागा खातो. मामाची तार इंग्रजीत होती, आणि नंतरच्या काळात आपली मुले मराठी निरोप रोमन लिपीत लिहू लागली, त्यामागे हेही एक कारण होते. ई-मेलमध्ये ही मर्यादा उरली नाही, हे तिचे मोठे देणे.

१५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. डिसेंबर २०१७ मध्ये टपाल खात्याने ‘दर्पण’ योजना सुरू केली आणि ग्रामीण शाखा डाकघरांत सौरऊर्जेवर चालणारी, हातात धरायची यंत्रे येऊ लागली. मनिऑर्डर आणि बचत खात्याच्या नोंदी त्यावर होऊ लागल्या. ज्याच्या पूर्वसुरीने तार चालत नेली, त्याच्याच हाती आता बिनतारी यंत्र आहे.

मग प्रश्न सुटला का? दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १२ जुलै १९६१ ला वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण फुटले. आदल्या रात्री धरणावर जवान मातीची पोती रचत होते. धोका तिथे दिसत होता. पण पुण्यातल्या नदीकाठच्या बहुतेक घरांना तो कळला पाणी दारात आल्यावर. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. दीडशेच्या आसपास माणसे मेली. तोवर मोबाइल घरोघर पोचले होते. तरीही गाव नाहीसे झाल्याचे बाहेर कळले ते गावाकडे गेलेल्या एस.टी.च्या चालकामुळे. त्या सकाळचा जासूद तो होता. निरोप पाठवणारेच गाडले गेले, तर हातातले यंत्र काय करणार?

२०२३ मध्ये आपल्या सर्वांचे फोन एकदम कर्कश वाजले होते. ती ‘सेल ब्रॉडकास्ट’ची चाचणी होती. यात कुणाचा नंबर लागत नाही. मनोरा आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकाच वेळी हाक मारतो. म्हणजे पुन्हा गडावरची आगच, ज्याला दिसेल त्याच्यासाठी. पण जिथे मनोऱ्याची नजर पोचत नाही तिथे ही हाकही पोचत नाही, आणि दरडीचा धोका नेमका अशाच कोनाड्यांत जास्त. वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली, तर ज्या रात्री निरोप हवा त्याच रात्री तो बंद पडतो.

आजोळच्या वाडीत अजूनही देवळामागच्या एका दगडावर फोन ठेवतात, कारण रेंज तिथेच येते. मागच्या पावसाळ्यात मामेभावाने मुंबईतल्या मुलाची ई-मेल मला तिथे उभे राहून दाखवली. मुलाला नोकरी लागली होती. पत्र दोन दिवसांपूर्वी आले होते. ‘दोन दिवस पावसामुळं इकडं आलोच नाही,’ तो म्हणाला. घरापासून तो दगड दोनशे पावलांवर आहे. आजीच्या वेळी हे अंतर तीन दिवसांचे होते. अंतर कमी झाले हे खरे, आणि ते संपलेले नाही हेही खरे. जे उरले आहे ते यंत्र बदलून संपणारे नाही. त्यासाठी खोऱ्याकडे तोंड करून मनोरा उभा करावा लागेल आणि तो पावसात चालू ठेवावा लागेल.