उत्परिवर्तन, कवकांतील

प्रयोगशाळेत वाढविलेल्या कवकांच्या (बुरशींच्या) वाणांत होणारे आनुवंशिक बदल. आपोआप घडलेल्यांना स्वयंस्फूर्त, तर किरण किंवा रसायनांनी घडवून आणलेल्यांना प्रवर्तित उत्परिवर्तने म्हणतात.

इतिहास : बीडल व टेटम यांनी १९४१ मध्ये क्ष-किरणांनी बदललेल्या न्यूरोस्पोरावरून जनुक व एंझाइम यांचा संबंध दाखविला (नोबेल, १९५८). पेनिसिलीन देणाऱ्या वाणांची वंशावळ तपशीलवार नोंदलेली आहे. अमेरिकेतील पिओरिया येथे १९४३ मध्ये बुरसटलेल्या खरबुजावरून मिळालेल्या पेनिसिलियम क्रायसोजेनमचा बी-२५ हा स्वयंस्फूर्त भेद मिलिलिटरला सुमारे २५० एकके पेनिसिलीन देई. क्ष-किरणांनी त्यापासून मिळालेला एक्स-१६१२ सुमारे ५०० आणि अतिनील किरणांनी मिळालेला क्यू-१७६ सुमारे ९००. क्यू-१७६ चे पिवळे रंगद्रव्य औषधात उतरे. पुढे रंगहीन उत्परिवर्ती निवडून ती अडचण दूर केली.

पद्धती : एककेंद्रकी बीजाणू घेणे श्रेयस्कर. बहुकेंद्रकी बीजाणूत बदललेले केंद्रक न बदललेल्यांच्या गर्दीत झाकले जाते. बीजाणूंच्या पातळ निलंबनावर २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतात आणि बश्या लगेच काळ्या कागदात गुंडाळतात, कारण उजेडात डीएनएची दुरुस्ती होऊन केलेले काम वाया जाते. रसायनांत एथिल मिथेन सल्फोनेट (ईएमएस) विशेष वापरात आहे.

बुरशीनाशकाला प्रतिरोध : वनस्पतिरोगशास्त्राच्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळलेल्या बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर संवेदनक्षम बुरशी खुंटते. मात्र कधीकधी वसाहतीच्या कडेने पंख्यासारखा पांढरा पट्टा जोमाने पुढे सरकतो. त्याच्या टोकाचा तुकडा उचलून वेगळा वाढवितात. औषधविरहित माध्यमावर अनेकदा पुनर्रोपण करूनही प्रतिरोध टिकला, तरच तो आनुवंशिक समजावा. ही पायरी गाळलेले अहवाल जपून वाचावेत. अनेक बुरशींत या प्रतिरोधामागे बीटा-ट्युब्युलिनमधील एकच बदल आढळतो. बहुधा १९८ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲलानीन येते. औषध बदल निर्माण करीत नाही, अगोदर झालेला बदल निवडते. बशीत मिळालेला प्रतिरोधक वाण शेतात तग धरेलच असे नाही.

महाराष्ट्रातील कार्य : पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (स्था. १९५४) हा पेनिसिलीनच्या उत्पादनासाठी उभारलेला सरकारी कारखाना. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पेनिसिलियम जँथिनेलमच्या एनसीआयएम ११७१ या वाणावर ईएमएसची २४ तास आणि मग अतिनील किरणांची ३ मिनिटे प्रक्रिया केली. निवडलेल्या उत्परिवर्तींत सेल्युलेजची क्रियाशीलता जवळपास दुप्पट झाली (२००७).

सांगोला (जि. सोलापूर) : डाळिंबाचा तालुका. येथील बागायतदारांना धास्ती असलेल्या रोगांपैकी मर हा सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा या बुरशीमुळे होतो. रोगट झाडाचे खोड आडवे कापल्यास लाकडात करडे-तपकिरी डाग दिसतात. मरीवर बुरशीनाशकाची आळवणी करतात. एकाच गटातील औषध वारंवार दिले, तर प्रतिरोधक भेद निवडले जाण्याचा धोका वाढतो. डाळिंबाचा दुसरा रोग तेल्या हा जीवाणुजन्य असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेर. सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे (स्था. २००५).

वाणसंग्रह : आघारकर संशोधन संस्था व एनसीआयएम (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवसंग्रह), दोन्ही पुणे.