प्लेग आणि मुंबईची घरे

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईच्या चाळींतले संसार विस्कटले. पालिकेची माणसे भिंतींना चुना फासत, जमिनी खणत, उजेडासाठी छपराची कौले उतरवत. रोगी इस्पितळात आणि घरचे विलगीकरण छावणीत, अशी ताटातूट होई. त्या धास्तीने घरचे लोक आजारी माणसाला लपवत. अनेक कुटुंबे लेकराबाळांसह गावी निघून गेली.

या साथीमुळे शहराची वस्ती सुधारण्यासाठी १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, आग्रीपाड्यासारख्या भागांत चाळी बांधल्या, दादर-माटुंग्यात मोकळ्या वसाहती आखल्या. मात्र पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी पडली आणि गरिबांची दाटी शेजारच्या वस्त्यांत वाढली.