अंबरनाथचे शिवालय : एका अंकाची दोनशे वर्षे

१/१०
अंबरनाथ पश्चिमेची ओळख सांगायची तर विम्को नाका आणि आयुधनिर्माणीची नावे प्रथम ओठांवर येतात. कारखान्यांचे गाव, एवढ्यावर बहुतेकांची माहिती संपते. मात्र लोहमार्ग ओलांडून पूर्वेला साधारण दोन किलोमीटर गेले की वालधुनी नदीच्या काठी एक शिवालय लागते. त्याने आपले वर्ष स्वतःच्याच दगडावर जपले आहे. त्या वर्षाची ही कथा.
#थ्रेड

२/१०
लोककथा म्हणते की पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत उभारले. पहाट झाली आणि काम अपुरे राहिले. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नसल्याने ही कथा पटतेही. परंतु मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या बाजूस, एक संस्कृत शिलालेख आहे. तो वेगळीच हकिकत सांगतो.

३/१०
एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे लक्ष या लेखाकडे गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले गेले. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे इ.स. ८६०, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा काळ.

४/१०
पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अंक पुन्हा तपासले. त्यांचे वाचन निघाले शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. शतकस्थानचा एक अंक बदलला आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. आज हेच वाचन ग्राह्य धरले जाते.

५/१०
हा फरक किरकोळ नव्हे. १०६० साली उत्तर कोकणात शिलाहार राजा मम्मुणी राज्य करीत होता आणि लेखात त्याचेच नाव आहे. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचाही उल्लेख येतो. त्यामुळे काम छित्तराजाने आरंभिले व मम्मुणीच्या काळात ते पूर्णत्वास गेले, असे अभ्यासक मानतात.

६/१०
मंदिराची घडणही याच काळाची साक्ष देते. शिखर ‘भूमिज’ शैलीचे आहे : चारी दिशांना खालून वर चढणाऱ्या नक्षीच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या भागांत शिखराच्याच लहान प्रतिकृतींच्या ओळी. माळव्यातील परमारांचे उदयपूर येथील प्रसिद्ध उदयेश्वर मंदिर १०८० चे. म्हणजे अंबरनाथ त्याहून वीस वर्षांनी जुने, आणि सालाचा लेखी पुरावा असलेल्या आरंभीच्या भूमिज मंदिरांपैकी एक.

७/१०
१८६८ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील मंडळींनी येथे येऊन रेखाचित्रे काढली आणि शिल्पांचे साचे घेतले. छायाचित्रण दुर्मीळ असलेल्या त्या काळात दगड झिजण्याआधी त्याची नोंद करून ठेवण्याचा हा मोलाचा प्रयत्न होता.

८/१०
आता प्रत्यक्ष भेटीविषयी. मुख्य दार पश्चिमेला आहे. आत शिरताच सभामंडपातील कोरीव खांब आणि वरचे नक्षीदार छत दिसते. गाभारा मात्र जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून शिवलिंगापाशी जावे लागते. परतताना घाई करू नका. पश्चिमेकडून आत येताना डाव्या हाताला जे दार लागते, ते उत्तरेचे. तेथे आत उभे राहून मान वर करा : शके ९८२ तिथेच आहे.

९/१०
अक्षरे झिजली आहेत. ती उठून दिसावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी हौशी मंडळी शिलालेखांवर खडू, पीठ किंवा रंग फासतात. तसे कदापि करू नये. एका अंकाने दोनशे वर्षे इकडची तिकडे होतात, हे आपण आताच पाहिले. तो अंकच पुसला गेला, तर पुढच्या वाचकाला चूक दुरुस्त करण्याची संधीही उरणार नाही.

१०/१०
ज्या वालधुनीच्या काठी शिलाहारांनी हे देवालय उभारले, ती आज सांडपाणी आणि रसायने वाहत पुढे उल्हासनगरात शिरते. मंदिर संरक्षित स्मारक आहे. नदीला ते भाग्य लाभलेले नाही. शिवालय पाहून झाले की दोन मिनिटे तिच्याकडेही पाहा. नऊशे साठहून अधिक वर्षे या दोघींची, वास्तूची आणि नदीची, सोबत आहे.