इत्सुकुशिमा येथील देवीची नामांतरे

हिरोशिमाच्या नैऋत्येस, मुख्य भूमीपासून नावेने दहा मिनिटांच्या अंतरावर इत्सुकुशिमा हे बेट आहे. लोकव्यवहारात त्यास मियाजिमा, म्हणजे ‘देवळाचे बेट’, असे म्हणतात. भरतीच्या वेळी पाण्यावर तरंगल्यासारखे दिसणारे देवालय आणि त्यासमोर समुद्रात उभे असलेले कापूरवृक्षाच्या लाकडाचे, सुमारे 16 मीटर उंचीचे तोरण पाहण्यासाठी प्रवाशांची तेथे रीघ असते. हे तोरण समुद्रतळात पुरलेले नसून स्वतःच्या भारावर उभे आहे. प्रवाशास हे सर्व अतिप्राचीन वाटते. परंतु सांप्रतचे तोरण 1875 सालचे आहे, आणि शुद्ध शिंतो देवस्थान म्हणून त्यास जे दाखविले जाते, तेही फारसे जुने नाही.

परंपरेनुसार या देवालयाची स्थापना इ. स. 593 मध्ये झाली. लिखित उल्लेख मात्र 811 पासून आढळतो. आजच्या भव्य रचनेचे श्रेय ताइरा घराण्याचा प्रमुख कियोमोरी यास दिले जाते. त्याने 1164 मध्ये सद्धर्मपुंडरीकसूत्राचे सुशोभित पट येथे अर्पण केले. इतर सूत्रे व त्याचे स्वतःचे संकल्पपत्र धरून ते 33 भरतात, आणि अवलोकितेश्वराची रूपेही 33 च आहेत. हा योगायोग नव्हे. कारण येथील देवता अवलोकितेश्वराचा आविर्भाव होय, अशी परंपरागत समजूत त्या संकल्पपत्रातच नमूद आहे. देवता आणि बोधिसत्त्व यांत भेद करण्याची गरज कियोमोरीस वाटली नव्हती.

पुढील शतकांत याच देवतेशी आणखी एक नाव जोडले गेले, आणि ते भारतीय वाचकास परके वाटू नये. सुवर्णप्रभाससूत्राच्या द्वारे सरस्वती चीनमध्ये पोहोचली. इ-त्सिंगने 703 मध्ये पूर्ण केलेल्या भाषांतरात ती अष्टभुजा असून तिचे नाव ध्वनीवरून नव्हे, तर अर्थावरून घडविलेले आहे: वाक्पटुता, प्रतिभा आणि देव या अर्थांची तीन अक्षरे. जपानी उच्चारात त्याचे ‘बेन्झाइतेन’ झाले. पुढे मधल्या अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे, परंतु ‘धन’ या अर्थाचे अक्षर लिहिले जाऊ लागले. उच्चार तसाच राहिला आणि वाग्देवी धनदेवता झाली. केवळ लेखनाने दैवताचे कार्य पालटावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अर्थात लेखनाआधी भक्तांची अपेक्षा पालटली असणार, हेही विसरता येत नाही. नदीदेवता म्हणून तिचा जलाशी असलेला संबंध मात्र टिकून राहिला. एनोशिमा, चिकुबुशिमा आणि इत्सुकुशिमा ही तिची तीन प्रमुख स्थाने बेटांवरच आहेत.

1868 च्या वसंतात नव्या मेइजी शासनाने शिंतो देवालये बौद्ध धर्मापासून विभक्त करण्याचे आदेश काढले. त्यांतील एक आदेश प्रथम शब्दांवरच रोख धरतो, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. ‘गोंगेन’ म्हणजे अवतार, ‘गोझु तेन्नो’ इत्यादी बौद्ध वळणाची देवनामे ज्या देवालयांत रूढ होती, त्यांनी आपला पूर्ववृत्तांत सादर करावा, असे त्यात फर्माविले होते. मूर्ती व घंटा हलविण्याची आज्ञा त्यानंतर येते. क्योतोतील गिओन देवालयाचे नाव जेतवनावरून पडलेले. तेही त्याच वर्षी यासाका असे झाले.

इत्सुकुशिमा येथे देवालयाच्या इमारती वाचल्या, पण देवीची विभागणी झाली. प्राचीन ग्रंथांतील इचिकिशिमाहिमे व तिच्या दोन भगिनी देवालयात राहिल्या. बेन्झाइतेनची मूर्ती शेजारच्या दाइगान्जी या बौद्ध मंदिरात गेली. 1407 साली उभारलेल्या पाच मजली स्तूपातील शाक्यमुनीची मूर्तीही तेथेच नेण्यात आली. हिदेयोशीने 1587 मध्ये मृतांसाठी सूत्रपठण व्हावे म्हणून बांधावयास घेतलेले आणि त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले विशाल सभागृह 1872 मध्ये त्याच्याच नावाचे शिंतो देवालय ठरले. बौद्ध विधीसाठी उभारलेल्या वास्तूत तिचा कर्ताच देव होऊन बसला!

भाषेने मात्र हा आदेश पुरता पाळला नाही. ‘इत्सुकुशिमा’ या नावाचा संबंध बहुतेक अभ्यासक ‘इत्सुकु’, म्हणजे शुचिर्भूत राहून देवसेवा करणे, या क्रियापदाशी लावतात. ‘इचिकिशिमा’ हे त्याचेच रूपांतर होय. तरीही जपानच्या तीन थोर बेन्झाइतेन-स्थानांची नावे सांगताना लोक आजही इत्सुकुशिमाचे नाव घेतात. दाइगान्जीतील ती मूर्ती एरवी बंद असते. तिचे दर्शन वर्षातून एकदाच, 17 जून रोजी, खुले होते.