पूर्ती आणि पाट : आज्ञा-ओळीच्या इतिहासातील एक प्रकरण

धारच्या पवारांमुळे मांडू मराठी माणसाला परके नाही. या पठारावर मोठी नदी नाही. पावसाचे पाणी तलावांत अन् विहिरींत साठवूनच माळव्याच्या सुलतानांची ही राजधानी नांदली. मुंज आणि कपूर या तलावांमधला जहाजमहाल पाहताना आपण कमानी वाखाणतो; हौदाकडे वळणे घेत जाणाऱ्या अरुंद पाटाकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु पाट तुंबला की सुबक हौदही कोरडा पडतो. आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय संगणकाचा असला, तरी त्यालाही हाच न्याय लागू पडतो.

संगणकाला अक्षरांतून आज्ञा देताना पहिली दोनचार अक्षरे लिहून एक कळ दाबावी आणि उरलेली यंत्राने भरावीत, या सोयीला आपण 'पूर्ती' म्हणू. अमेरिकेतील बीबीएन या संस्थेत १९७० च्या सुमारास घडलेल्या 'टेनेक्स' प्रणालीत ती होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन केन ग्रीर यांनी १९७५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात युनिक्सच्या शेलसाठी तशी सोय लिहावयास घेतली; 'टीसीशेल' या नावातला 'टी' टेनेक्सचाच. ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' १९८९ साली आला आणि २००० सालच्या २.०४ या आवृत्तीपासून पूर्तीचे नियम वापरणाऱ्यालाही लिहिता येऊ लागले. पुढे इयन मॅक्डोनाल्ड यांनी अशा नियमांचा 'बॅश-कम्प्लीशन' हा संग्रह सिद्ध केला.

खरी अडचण येथून सुरू होते. समजा, एखाद्या शिक्षकाने निकालपत्रकासाठी छोटी आज्ञा रचली आणि 'दहावी:अ' असा शब्द पुरा व्हावा असे त्याला वाटले. बॅश मूळ मांडणीत अपूर्णविरामापाशी शब्द तोडतो. व्याकरणाच्या भाषेत, हा चुकीचा पदच्छेद होय. तुटलेली पदे पुन्हा जोडणारी सहायक फंक्शने संग्रहात आहेत, म्हणून लिहिणारा ती उसनी घेतो. कुबरनेटीजसारख्या मोठ्या प्रकल्पाच्या आज्ञेची पूर्तीही या संग्रहावर विसंबते. 'गिट'ने तर अशा एका फंक्शनची स्वतःची प्रत जवळ बाळगली आहे.

उसन्या वस्तूला मात्र सांभाळणारा लागतो. २०२४ साली संग्रहाच्या २.१२ या आवृत्तीत सहायक फंक्शनांना नवी, एकसूत्री नावे मिळाली. जुनी नावे कालबाह्य ठरली, तरी जुन्या लेखनाची अडचण होऊ नये म्हणून ती तूर्त राखली गेली. हे सौजन्य होय; त्याला कायमचा हक्क समजू नये. ज्यांनी प्रती करून ठेवल्या, त्यांच्या प्रतींत मूळ संग्रहातील दुरुस्त्या आपोआप उतरत नाहीत. जेथे संग्रहच बसवलेला नाही, तेथे कळ दाबताच 'आज्ञा सापडली नाही' असा निरोप येतो. कधी तर काहीच घडत नाही आणि बिचारा वापरणारा स्वतःलाच दोष देतो.

पाणिनीची सूत्रे टिकली, ती केवळ अचूक होती म्हणून नव्हे; कात्यायन आणि पतंजली यांनी ती तपासली, उलगडली, प्रसंगी त्यांवर आक्षेपही घेतले. सहायक फंक्शनांनाही असे वार्तिककार हवेत. विद्यार्थिमित्रांनो, उसने फंक्शन वापराल तेव्हा ते कोणाचे, कोणत्या आवृत्तीतले आणि कशासाठी घेतले, एवढे तीन शब्द शेजारी लिहून ठेवा. नवी आवृत्ती आली की एकदा कळ दाबून पाहा. तुमच्यानंतर ते काम हाती घेणाऱ्या अनोळखी माणसाचे तेवढ्याने पुष्कळ श्रम वाचतील.