वेळासचा कासव महोत्सव : एका ग्रामोत्सवाची जडणघडण (२००२ ते २०२५)

प्रस्तावना

उत्सवांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा देवस्थान, इनाम, मानपान आणि पंचांग यांच्या आधारे लिहितो. ग्रामदैवताची यात्रा कोणत्या तिथीस भरते, पालखीचा पहिला मान कोणाचा, दिवाबत्तीची व्यवस्था कोणत्या सनदेने झाली, हे प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहेत. मात्र गेल्या दोन-अडीच दशकांत कोकण किनाऱ्यावर एक असा उत्सव उभा राहिला आहे की ज्याच्यामागे सनद नाही, दैवत नाही आणि ज्याची तारीख कोणत्याही पंचांगात सापडत नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावचा कासव महोत्सव हा तो उत्सव होय. प्रस्तुत निबंधात या महोत्सवाची जडणघडण तपासण्याचा प्रयत्न केला आहे. निसर्गसंवर्धनाचे यश म्हणून या महोत्सवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याकडे ग्रामजीवनातील एक ऐतिहासिक घटना म्हणून पाहावयाचे आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पैनगंगेच्या खोऱ्यात बसून हा विषय निवडण्याचे कारणही तेच. गावाचा समकालीन इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावा, हा प्रश्न रिसोडला जेवढा लागू आहे तेवढाच वेळासलाही आहे.

करड्या देवमाशाचे उदाहरण

ऋतुमानानुसार स्थलांतर करणाऱ्या सागरी प्राण्याभोवती लोकोत्सव उभा राहणे ही गोष्ट जगात नवी नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून करडा देवमासा दरवर्षी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांपासून उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रापर्यंत आणि परत असा सुमारे १६ ते २० हजार किलोमीटरचा प्रवास करतो. १८५७-५८ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा शिकारी कप्तान त्याच्या विणीच्या खाजणात शिरला आणि त्यानंतर या प्राण्याची अमाप कत्तल झाली. विसाव्या शतकात त्यास आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले. १९५० मध्ये सॅन दिएगोजवळच्या काब्रिओ राष्ट्रीय स्मारकावरून देवमासे पाहण्याची सोय झाली, तेव्हा पहिल्याच हंगामात सुमारे दहा हजार लोक आले. पुढे १९७० च्या दशकापासून डेना पॉइंटसारख्या किनारी गावांतून देवमाशांचे महोत्सव सुरू झाले.

या उदाहरणाशी वेळासची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु एक भेद महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात शिकार करणारे दर्यावर्दी वेगळे होते आणि शतकानंतर कड्यावरून दुर्बीण लावणारे नागरिक वेगळे. शिवाय देवमासा कोणी पाहिला नाही तरी आपल्या वाटेने जातच राहतो. वेळासला अंडी उचलणारे हात आणि अंडी राखणारे हात एकाच गावचे होते, आणि गावाने राखली नाहीत तर पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून वेळासच्या महोत्सवास मनपरिवर्तनाचा इतिहास आहे, तसा डेना पॉइंटच्या महोत्सवास नाही.

वेळास : गाव आणि पुळण

सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या दक्षिणेस, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वेळास वसले आहे. इतिहासाच्या वाचकास हे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असते. पेशवाईच्या कारभाराची सूत्रे हलविणाऱ्या या मुत्सद्द्याचे स्मारक गावात आहे. २००२ पूर्वी बाहेरचा माणूस वेळासला आला तर त्यासाठीच येई.

गावाच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीच्या अंधारात येतात, वाळूत सुमारे दीड फुटाचा खड्डा करून शंभर ते सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवून परत जातात आणि पुन्हा त्या घरट्याकडे वळूनही पाहत नाहीत. ओडिशात गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी येतात, तसे येथे होत नाही. येथे मादी एकटी येते. त्यामुळे वाळूतील तिचा माग ओळखणे हे कसब ठरते आणि ते कसब गावात पूर्वापार होते. कोल्हे आणि कुत्रे वासाने घरटे शोधत, माणसे मागावरून. अंडी खाल्ली जात, विकलीही जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा प्राणी पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. परंतु कायद्याचे पुस्तक आणि पहाटेची निर्मनुष्य पुळण यांच्यात बरेच अंतर असते.

२००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते सागरी गरुडाच्या घरट्यांच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत होते. भाऊ काटदरे यांनी १९९० च्या दशकारंभी स्थापन केलेली ही संस्था. तिच्या कार्यकर्त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. गरुड शोधताना कासव सापडले, असा हा योगायोग. त्यानंतर ग्रामस्थांच्या सहकार्याने घरटी शोधून अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलविण्याचे काम सुरू झाले. पहिल्याच हंगामात सुमारे ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.

या टप्प्याविषयी 'लोकांना पटवून दिले' असे एका वाक्यात लिहिण्याची प्रथा पडली आहे. ती प्रस्तुत लेखकास अपुरी वाटते. माग काढणारा माणूस तोच राहिला, पहाटेची फेरी तीच राहिली, वाळू उकरणारे बोटही तेच राहिले. बदलले ते अंड्यांचे पुढे काय होते एवढेच. गावाने नवे ज्ञान घेतले त्यापेक्षा जुन्या ज्ञानाचा उपयोग बदलला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

वहीतून निघणारी तारीख

२००६ मध्ये पहिला कासव महोत्सव भरला. पिल्ले समुद्रात जाताना लोकांनी पाहावीत, त्यासाठी गावात मुक्काम करावा, ग्रामस्थांच्या घरी राहावे व जेवावे आणि त्याचे उत्पन्न गावास मिळावे, ही मूळ कल्पना. पण महोत्सवाची तारीख काढायची कशी, हा प्रश्न होता. शिमगा फाल्गुन पौर्णिमेला येतो. मुंबईचा चाकरमानी त्याप्रमाणे महिनाभर आधी रजा टाकतो. कासवाच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यावयास साधारणतः ४५ ते ६० दिवस लागतात आणि ही मुदत वाळूच्या उष्णतेनुसार कमी-जास्त होते. १० जानेवारीस घातलेली अंडी २४ फेब्रुवारीस फुटू शकतात किंवा ११ मार्चसही. तेव्हा कोणत्या घरट्यात कोणत्या दिवशी किती अंडी ठेवली, याची नोंद असल्याशिवाय पाहुण्यांना निमंत्रण धाडताच येत नाही.

आमच्या मते या महोत्सवाचे ऐतिहासिक वेगळेपण येथे आहे. पंचांगाची जागा येथे घरट्यांच्या वहीने घेतली. घरटे क्रमांक, दिनांक, अंड्यांची संख्या, बाहेर आलेली पिल्ले, अशा रुक्ष रकान्यांमधून उत्सवाचा मुहूर्त निघू लागला. विज्ञानाच्या दृष्टीने ही आकडेवारी आहे. इतिहासाच्या दृष्टीने गावाने स्वतः निर्माण केलेले ते दप्तर आहे. पेशवे दप्तराची चिंता आपण करतो, करावयासच हवी. परंतु फडणवीसांच्याच गावी, वाळूच्या कणांसह लिहिल्या गेलेल्या या नोंदींकडे अजून कोणी 'दप्तर' म्हणून पाहिलेले नाही. खाऱ्या हवेत कागद फार काळ टिकत नाही, आणि हंगाम संपला की वहीचे काम संपले असे वाटणे स्वाभाविक आहे.

उत्सवाचे स्वरूप साधे आहे. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरील टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात, कारण ती स्वतः चालत जाणे आवश्यक मानले जाते. लोक दोरीच्या मागे उभे राहतात. पिल्ले प्रकाशाकडे ओढली जात असल्याने कॅमेऱ्याच्या झगझगाटास मनाई असते. कधी टोपलीखाली काहीच नसते, आणि पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी हिरमुसतात. हमी न देणारा उत्सव भरविणे यजमानास सोपे नाही.

विस्तार आणि अडचणी

पुढील काळात हे काम आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर पसरले. वेंगुर्ले तालुक्यात वायंगणीस 'कासव जत्रा' हे नाव रूढ झाले, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनीही टिपून ठेवावी अशी आहे. वनखात्याने आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठानाने या कामात लक्ष घातले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटास २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हा विषय घरोघरी पोहोचला.

अडचणीही आल्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने हंगाम मोडला. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड-दापोली भागातील घरांचे व नारळी-पोफळीच्या बागांचे अतोनात नुकसान झाले. बागायत आणि पाहुणचार ही दोन्ही उत्पन्ने एकाच वर्षी गेली. पाहुण्यांवर विसंबलेल्या गावात कासवे येत राहूनही उत्सव थांबू शकतो, हे त्या वर्षी दिसले. याच्या उलट शक्यता अधिक बोचरी आहे. अंडी कमी मिळाली, तर आलेल्या पाहुण्यांसाठी घरट्यांची घाई होईल काय? संवर्धनासाठी उत्सव की उत्सवासाठी संवर्धन, हा प्रश्न ज्यांनी केला त्यांना निसर्गविरोधी ठरविणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर भाषणांत नव्हे, वर्षानुवर्षांच्या नोंदींत शोधावे लागेल.

क्रमांक ०३२३३

२५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशयंत्र बसविण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील ती पहिलीच, म्हणून तिचे नाव 'प्रथमा'. त्या हंगामात अशा पाच माद्या नोंदल्या गेल्या. काही महिन्यांतच त्यांचे संदेश थांबले. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' मात्र श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली.

याहून बोलके उदाहरण २०२५ चे आहे. त्या वर्षी जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पंखावर धातूची खूणपट्टी आढळली. क्रमांक होता ०३२३३. चौकशी करता ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली निघाली. या पट्टीत कोणतेही यंत्र नव्हते, होता केवळ एक आकडा. पूर्व किनाऱ्यावर कोणीतरी तो एका वहीत उतरवून ठेवला होता, आणि चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावर रात्रीच्या गस्तीवरील कोणीतरी तो वाचून दुसऱ्या वहीत लिहिला.